पावसाळ्यातला सोडेभात: डब्यातल्या कोळंबीची पार्श्वभूमी

जून-जुलैमध्ये दरवर्षी हेच होतं. बाहेर धो धो पाऊस, होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, बाजारात बर्फातला माल नाहीतर खाडीचं थोडंफार, आणि घरात कोणीतरी म्हणतं, सोडे (सुकी कोळंबी) काढा गं. मग तांदूळ, कांदा, लसूण, घरचा मसाला, कोकम आणि नारळ एवढ्यावर रात्रीचं जेवण होऊन जातं. हल्ली याला झटपट पदार्थ म्हणतात, पण झटपट आहे तो फक्त शेवटचा अर्धा तास, बाकीचं काम एप्रिल-मेच्या उन्हात झालेलं असतं. आमच्या रायगडकडे त्याला आगोटीची तयारी म्हणतात, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: मसाला कुटायचा, आमसुलं वाळवायची, लाकडं भरायची आणि सुकी मासळी पुन्हा एकदा कडक ऊन दाखवून डब्यात बंद करायची.

भात, नारळ, कोळंबी हे किनाऱ्यावर कायमचंच. मिरची मात्र पोर्तुगीजांच्या मागून, म्हणजे सोळाव्या शतकात आली, त्याआधी तिखटाला मिरी होती, तिरफळ होतं. बटाटा तर त्याच्याही नंतरचा, आणि आज तो सोड्यांच्या इतका सोबतीचा झालाय की त्याच्याशिवाय करायचं म्हटलं तर घरात भांडण होईल.

आता खरा गुंता आहे तो नावांचा. त्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण निम्म्या जणांचा भात इथेच बिघडतो.

सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, डोकं नाही, साल नाही, वाळून वाकडी झालेली, केशरी-गुलाबी. जवळा ही वेगळीच जात, नखाएवढी, पारदर्शक, ती सोलायचा प्रश्नच नाही. तो ओलाही खातात, सुकाही. अंबाड म्हणजे जवळ्याहून मोठी कोळंबी, पण सालासकट सुकवलेली. इथपर्यंत ठीक. पण सुकट म्हणजे काय? मुंबईत बऱ्याच घरांत सुकट म्हणजे सरळ सुका जवळा. काही जण म्हणतात नाही, सुकट म्हणजे करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सालासकट वाळवलेली, जवळा तो जवळा. घाटावर आठवडी बाजारात "सुकट-बोंबील" असं जोडीनेच म्हणतात आणि तिथे कोणी जात विचारत बसत नाही. विदर्भात झिंगे. खाली मालवणात ओल्या कोळंबीला सुंगटं आणि सुक्या बारकीला गोलमो, गोव्यात त्याच्याच जवळचा शब्द, आणि तिथे ती भाजून खोबऱ्यात कालवून किसमूर करतात. त्यामुळे कोणी फोनवर "सुकट घालून भात कर" सांगितलं की आधी विचारायचं, तुम्ही कुठले.

हा नुसता शब्दांचा घोळ नाही, त्यामागे समुद्र आहे. जवळा पकडतात डोलीने, म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीचा प्रवाह स्वतःच मासळी आत ढकलतो. त्याला पाण्याची ओढ जोरदार लागते, ती पालघर, मुंबई, रायगडच्या किनाऱ्याला आहे. दक्षिणेला सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, चालायची. म्हणून जवळ्याचे ढीग उत्तर कोकणात आणि तिथल्याच खळ्यांवर तो पसरलेला दिसतो. सुकवायचं काम बायकांचं, पहाटे पसरायचा, दुपारी खालीवर करायचा, ढग आला की धावायचं. या कामाची किंमत कधीच कोणी नीट धरली नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि भातात कुठलं घालायचं, तर सोडे. जवळा भातात शिजवला की विरघळून नुसता वास उरतो, तो तव्यावर कुरकुरीत भाजून वरून घ्यायचा, नाहीतर कांद्यावर परतून भाकरीबरोबर. अंबाड घातली तर मिशा-पाय घासात येतात. सीकेपी घरांत याच भाताला सोड्याची खिचडी म्हणतात, बहुतेक ठिकाणी त्यात डाळीचा दाणा नसतो, तरी खिचडीच, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

सोडे महाग का, हेही यातच आहे. कोळंबी सोलली की निम्म्याच्या आसपास वजन जातं, उरतं त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी. म्हणजे किलोभर सोड्यांमागे साधारण आठेक किलो ओली कोळंबी. पूर्वी ती होती. गिरणगावात कामाला गेलेले लोक गावाहून परतताना ट्रंकेत सुक्या मासळीची पुरचुंडी न्यायचे, आधी बोटीने, नंतर एसटीने. खोलीत रॉकेलच्या स्टोव्हवर मूठभर सोड्यांत चार माणसं जेवायची. मग १९५०-६० च्या दशकांत ट्रॉलर आले, शीतगृहं आली, गोठवलेल्या कोळंबीला परदेशात डॉलर मिळायला लागले आणि मोठी कोळंबी खळ्यावर यायचीच थांबली. गरिबाच्या डब्यातली वस्तू पाहुण्यांसाठी राखून ठेवायची वस्तू झाली. निर्यातीने पैसा आला हे खरंच आहे, पण तो किनाऱ्यावर सुकवणाऱ्या बाईपर्यंत किती पोचला, तर फार नाही. २००९ पासून व्हेनामी जातीच्या तळ्यातल्या कोळंबीला परवानगी मिळाली, मुख्यतः आंध्रात वाढते, आज बाजारातली फ्रोजन पाकिटं बऱ्याचदा तीच. मऊ, गोडसर, भातात चालते, पण सोड्यांची जागा तिला घेता येत नाही.

पावसाळी बंदीचं थोडक्यात. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा. आधी समुद्र बंद असायचा तो नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, जे आधी येईल तिथपर्यंत. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. नारळी पौर्णिमा २०१२ मध्ये २ ऑगस्टला होती आणि २०२३ मध्ये ३० ऑगस्टला, त्यामुळे एकच तारीख हवी हे म्हणणं समजतं. पण ऑगस्टच्या सुरुवातीला दर्या शांत नसतो आणि पिल्लं जाळ्यात येतात, म्हणून मुदत वाढवा अशी मागणी किनाऱ्यावरून सारखी होते, ती मला रास्त वाटते.

करायची रीत फारशी बदललेली नाही. सोडे कोमट पाण्यात वीसेक मिनिटं. वाटी हलवू नका, तळाशी बारीक रेती बसते, ती दिसली की वरचं पाणी अलगद काढून गाळून ठेवायचं, भात त्याच पाण्यात शिजतो. तेलात हिंग, ठेचलेला लसूण, कांदा, हळद, मसाला, मग सोडे आणि बटाटा, तांदूळ परतून ते पाणी. नारळाचं दूध असेल तर उत्तम, आमसुलं मात्र शेवटी, नाहीतर बटाटा शिजत नाही.

परदेशातल्या मराठी घरांत नावांचा गुंता उलट सुटलाय. मेक्सिकन दुकानात सुकी कोळंबी मिळते ती सहसा डोक्या-सालासकट, म्हणजे आपली अंबाड. चिनी दुकानात सोललेली मिळते, ती जवळजवळ सोडेच. थायलंड-मलेशियाकडची कोळंबीची उग्र चटणी असते ती जवळ्याच्याच भाऊबंदांची. फक्त चिनी-मेक्सिकन दोन्ही माल मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेला असतो, तेव्हा भिजवलेलं पाणी आधी चाखा आणि भातात मीठ घालायची घाई करू नका.