क्लिकचा भाव कुठून आला: सर्च जाहिरातींच्या लिलावाची पार्श्वभूमी

संभाजीनगर, लातूर, नांदेड, इकडं आता कुणी पैठणी ऑनलाइन विकायलंय, कुणी केसर आंब्याच्या पेट्या, कुणी नीटच्या क्लासचे ॲडमिशन, आणि सगळे एकच विचारायलेत की गुगलवर जाहिरात टाकायची तर एका क्लिकचा रेट काय. एजन्सीवाला काहीतरी आकडा सांगतो, १२ रुपये म्हणा नाहीतर ४० रुपये, आणि समोरचा तो ठरलेला भाव समजून वहीत लिहून घेतो. तसं रेटकार्ड कुठंच नाहीये. पेपरात कॉलम सेंटिमीटरचा भाव असतो, होर्डिंगला महिन्याचं भाडं असतं, इथं मात्र कुणी मोबाइलवर चार शब्द टाइप केले की तेवढ्यात एक लिलाव होऊन जातो आणि भाव त्यातनं निघतो. पुढचा माणूस तेच चार शब्द टाइप करेल तेव्हा परत नवा लिलाव, भाव वेगळाही येऊ शकतो. ह्या लिलावाचे नियम पहिल्यापासून असे नव्हते, पंचवीसएक वर्षांत ते बऱ्याचदा बदललेत, आणि माझं म्हणणं असं की जवळपास प्रत्येक बदलात पैसे भरणाऱ्याला दिसायचं ते थोडं थोडं कमीच होत गेलंय.

सुरुवात सर्चमधून झालीच नव्हती. ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड नावाच्या अमेरिकन साइटवर एटी अँड टी कंपनीचं बॅनर लागलं, वेबवरच्या पहिल्या बॅनर जाहिरातींत ते धरतात. तेव्हा सगळा हिशोब छापील मासिकासारखा, हजार वेळा जाहिरात दिसली की इतके डॉलर, मग कुणी तिकडं बघो नाहीतर न बघो. १९९६ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं याहूशी बोलणी करताना सांगितलं की नुसतं दिसण्याचे पैसे देणार नाही, क्लिक झालं तरच देऊ. साबण विकणारी कंपनी, पैशाचं मोल त्यांना बरोबर कळत होतं. त्याच साली ओपन टेक्स्ट ह्या सर्च इंजिननं निकालातली जागा विकायचा प्रयत्न केला, पण लोक इतके भडकले की त्यांना तो गुंडाळावा लागला. सर्चचा निकाल म्हणजे प्रामाणिक असायला पाहिजे, त्यात पैसा कशाला, असं तेव्हा लोकांना मनापासून वाटायचं.

मग आला बिल ग्रॉस. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावात त्याची आयडियालॅब नावाची कंपनी, तिथून १९९८ मध्ये त्यानं गोटू डॉट कॉम काढलं. त्या काळातल्या सर्च इंजिनांची अवस्था लई वाईट होती, पानाच्या तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात शे-दोनशे शब्द लपवायचे की झालं, तुमचं पान वर. ग्रॉसनं डोकं असं लावलं की जो माणूस येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकामागं पैसे मोजणार तो नको त्या गिऱ्हाइकाला बोलावणारच नाही, म्हणजे पैसाच चाळणीचं काम करेल. बोली १ सेंटपासून, ज्याची बोली मोठी तो वर, आणि क्लिक झालं तरच पैसे. लोकांनी नाकं मुरडली, पण धंदेवाले आले.

आणि गोटूवर एक गोष्ट होती जी आज सांगितली तर लोकांचा विश्वास बसत नाही: प्रत्येक निकालाशेजारी त्या जाहिरातदारानं किती बोली लावलीय ते लिहिलेलं असायचं. सगळ्यांना दिसेल असं, सर्च करणाऱ्यालासुद्धा. आपल्याकडं वसमतला नाहीतर हिंगोलीला मोंढ्यात हळदीचा लिलाव असतो तसंच की, ढिगाभोवती खरेदीदार उभे, बोली मोठ्यानं पुकारली जाते, शेतकरी बाजूला उभा राहून ऐकतो. त्याच्या उलट हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांवर सौदा करतात, बाजूला उभ्या असलेल्याला काहीच कळत नाही. सर्च जाहिरातींचा प्रवास मोंढ्याकडून रुमालाकडं झालाय, म्हणजे बाजार समित्यांनी ज्या दिशेनं जायचं ठरवलं त्याच्या बरोबर उलट.

पण खुल्या बोलीतही एक गोची होती. जेवढी बोली तेवढेच पैसे द्यायचे, त्यामुळं वरच्याची बोली ५० सेंट दिसली की खालचा ५१ करायचा, मग वरचा ५२, असं करत करत एकाची ऐपत संपायची, तो एकदम खाली यायचा, मग वरच्याला वाटायचं की मी कशाला एवढे देऊ, तोही खाली, आणि परत पहिल्यापासून सुरू. लोकांनी हे करायला सॉफ्टवेअर लावले, दिवसभर बोली वरखाली. गोटूचं नाव ऑक्टोबर २००१ मध्ये ओव्हर्चर झालं, याहू, एमएसएन, एओएल अशा सगळ्या मोठ्या साइटना ते जाहिराती पुरवायचे, धंदा जोरात होता पण हे बोलींचं नाटक काही थांबेना.

गुगल तेव्हा लहान होतं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिननं १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात लिहून ठेवलं होतं की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदाराकडं झुकणारच. दोनच वर्षांत, ऑक्टोबर २००० मध्ये, त्यांनीच ॲडवर्ड्स नावाची जाहिरातींची सिस्टीम चालू केली, ३५० जाहिरातदारांसोबत. (पगार द्यायची वेळ आली की तत्त्वं थोडी सरकतात, चालायचंच.) क्रेडिट कार्ड टाका, जाहिरात लिहा, लगेच सुरू, सेल्समन नको. पैसे मात्र तेव्हाही हजार वेळा दिसण्याचेच. खरा बदल फेब्रुवारी २००२ मध्ये आला. सालार कामंगर आणि एरिक वीच ह्यांच्या कामातून जी नवीन सिस्टीम निघाली तिच्यात पैसे क्लिकला लागले आणि दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे नुसत्या बोलीवर नंबर नाही, जाहिरातीवर किती लोक क्लिक करतात तेही धरायचं. दुसरी म्हणजे स्वतःची बोली द्यायची नाही, खालच्याच्या वर राहायला जेवढे लागतात तेवढेच द्यायचे.

हे आकड्यांनी बघितलं की डोक्यात बसतं. समजा ‘पैठणी साडी ऑनलाइन’ ह्या शब्दावर तिघं आहेत. पहिल्याची बोली २० रुपये पण जाहिरात भंगार, क्वालिटी (म्हणजे जाहिरातीला आणि साइटला मिळालेले गुण) ४. दुसरा पैठणचा दुकानदार, बोली १२ रुपये, जाहिरात नेमकी, साइट पटकन उघडते, क्वालिटी ८. तिसऱ्याची बोली १० आणि क्वालिटी ६. गुणाकार करा: ८०, ९६, ६०. म्हणजे १२ रुपयेवाला सगळ्यात वर. त्याला द्यायचे किती? खालच्याचे ८० भागिले स्वतःचे ८, म्हणजे १० रुपये आणि वर काही पैसे. दुसऱ्या नंबरवर २० रुपयेवाला, त्याचे ६० भागिले ४, म्हणजे १५ रुपये. वर बसणारा १० देतोय आणि खाली बसणारा १५. इकडं बरेच जण बजेट वाढवत बसतात आणि फोनवर साइट उघडायला दहा सेकंद लागायलेत तिकडं बघत नाहीत, त्यांनी हे गणित एकदा हातानं करून बघावं. खरा हिशोब आता ह्याच्यापेक्षा किचकट आहे, पण सांगाडा हाच.

आपल्या बोलीऐवजी खालच्याच्या हिशोबानं पैसे द्यायचे ही कल्पना जुनी. विल्यम विक्री नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९६१ मध्ये ती मांडली होती, १९९६ ला नोबेल मिळालं आणि घोषणेनंतर तीनच दिवसांत तो वारला. पण गुगलची पद्धत म्हणजे हुबेहूब ह्या अर्थतज्ज्ञाची नाही, बऱ्याच जागा असल्या की मनातला खरा आकडा टाकणंच फायद्याचं असं काही नाही, हे अभ्यासकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं. जाहिरातदाराला मात्र तेव्हा एवढंच जाणवलं की दिवसभर बोलीवर लक्ष ठेवायची कटकट गेली. आणि ती जाताना समोरच्याची बोलीही दिसेनाशी झाली, ते कुणाच्या फारसं ध्यानातच आलं नाही.

मे २००२ मध्ये एओएलनं ओव्हर्चरला सोडून गुगल धरलं. ओव्हर्चरनं गुगलला आधीच पेटंटवरून कोर्टात खेचलं होतं, ते प्रकरण ऑगस्ट २००४ मध्ये मिटलं, गुगलनं २७ लाख शेअर दिले, तेही शेअर बाजारात उतरायच्या तोंडावर. ते मिळाले याहूला, कारण याहूनं २००३ मध्ये ओव्हर्चर साधारण १६३ कोटी डॉलरला विकत घेतलं होतं. याहूनं क्वालिटी धरायला २००७ साल उजाडवलं, तोवर गाडी निघून गेलेली. गुगलची कमाई २००१ मध्ये ८.६ कोटी डॉलर, २००३ मध्ये जवळपास १४७ कोटी. २०२४ मध्ये एकट्या सर्च आणि त्याच्या आसपासच्या जाहिरातींची कमाई १९,८०० कोटी डॉलरच्या घरात.

क्लिकला पैसे म्हटल्यावर खोटे क्लिक आलेच. समोरच्या दुकानदाराचं बजेट संपवायला माणूस बसवून क्लिक मारायचे हा प्रकार इकडंही ऐकायला मिळतो, नवीन काही नाही, अमेरिकेत ह्यावरून सामूहिक दावा झाला आणि २००६ मध्ये गुगलनं ९ कोटी डॉलरची तडजोड केली. आता बरेचसे खोटे क्लिक मशीनच गाळतं, कुठले गाळले आणि का, ते मात्र आपण शोधू शकत नाही.

ह्याच्यापुढची गोष्ट शब्दांची. लोकांनी कुठले शब्द टाइप केले की आपली जाहिरात दाखवायची ते जाहिरातदार सांगतो, त्यांना कीवर्ड म्हणतात. पूर्वी त्यात ‘एक्झॅक्ट’ म्हटलं की तेच शब्द, तेवढेच. २०१४ मध्ये गुगलनं जवळचे शब्द धरणं सक्तीचं केलं, मग शब्दांची उलटापालट, मग अर्थ तोच वाटला तरी चालेल इथपर्यंत गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये सर्च टर्म्स रिपोर्ट छाटला, पुरेशा लोकांनी सर्च केलेलेच शब्द दाखवायचे असं ठरलं. हा रिपोर्ट म्हणजे लोकांनी काय टाइप केलं आणि त्यातल्या कशावर तुमचे पैसे गेले त्याची यादी. जालन्याकडच्या एखाद्या आंबेवाल्यानं ‘केसर ऑनलाइन’ असा शब्द ढिला सोडला की त्यात ‘केसर १ ग्राम प्राइस’, ‘काश्मिरी केसर’ असे क्लिक येऊन पडतात. आंब्याच्या पेटीच्या पैशात दुधात टाकायच्या केशराचं गिऱ्हाइक आणलं. ते दिसलं तर ‘काश्मिरी’, ‘ग्राम’ हे निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ह्या शब्दांवर जाहिरात दाखवू नका अशा यादीत, टाकता येतात, दिसलंच नाही तर पैसे गेले. २०२१ मध्ये परफॉर्मन्स मॅक्स नावाचा गुगल जाहिरातींचा नवा प्रकार आला, त्यात तर सर्च, यूट्यूब, मॅप, जीमेल सगळं एकाच पोत्यात, कुठं किती लावायचे ते मशीन ठरवणार. मशीनला पुरेशा ऑर्डरी बघायला मिळाल्या तर ते चांगलं चालतं, हे मान्य. महिन्याला दहा ऑर्डरीवाल्याचं काय?

आपल्याकडं खेड्यापाड्यात हे पोचलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला, गिऱ्हाइक मोबाइलवर आलं आणि मागोमाग दुकानदार. त्याच वर्षी १ जूनपासून सरकारनं परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के लेव्ही लावली, ‘गुगल टॅक्स’ म्हणून ती गाजली, एप्रिल २०२५ पासून निघाली. कोर्टातही बरंच झालं. दुसऱ्याच्या ब्रँडच्या नावावर बोली लावता येते का, हा वाद सामान हलवून देणाऱ्या अगरवाल पॅकर्स कंपनीच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टात गेला, ऑगस्ट २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं की नुसतं कीवर्ड लावलं म्हणून ट्रेडमार्कचा भंग होत नाही, पण गिऱ्हाइकाचा गोंधळ उडत असेल तर होतो, आणि अशा वेळी आम्ही फक्त मधले असं गुगलला म्हणता येणार नाही. लातूरच्या क्लासवाल्यांनी एकमेकांच्या नावावर बोली लावायच्या आधी हे वाचलेलं बरं.

तिकडं अमेरिकेत ५ ऑगस्ट २०२४ ला जज अमित मेहता ह्यांनी गुगल सर्चमध्ये आणि सर्चच्या टेक्स्ट जाहिरातींत बेकायदेशीर मक्तेदारी चालवतं असा निकाल दिला, लिलावात बारीक फेरफार करून कंपनी जाहिरातींचे भाव वाढवू शकते हेही त्यात आलं. सप्टेंबर २०२५ च्या उपायांच्या निकालात सांगितलं की लिलावात मोठा बदल केला तर तो जाहीर करावा लागेल. जुनं ‘तेच शब्द, तेवढेच’ परत आणा ही सरकारी बाजूची मागणी मात्र मान्य झाली नाही, आणि प्रत्येक सर्चचा बारीक डेटा जाहिरातदाराला द्या हीसुद्धा नाही.