केमोथेरपीतील उलटीरोधक औषधे

केमोथेरपीने होणारी मळमळ व उलटी टाळण्यासाठी उपचाराआधी आणि नंतर ठरावीक दिवस दिली जाणारी औषधे. सुरू झालेली उलटी आवरणे कठीण असते, म्हणून ही औषधे आधीच द्यावी लागतात.

विदर्भात खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) तोंडाचा कर्करोग बराच आढळतो आणि त्यावर वापरले जाणारे सिस्प्लाटिन हे केमोचे औषध सर्वाधिक उलट्या घडवणाऱ्या औषधांपैकी आहे. उलटीरोधक न दिल्यास 10 पैकी 9 हून अधिक रुग्णांना उलटी होते. पहिल्या 24 तासांत आतड्यातील पेशींमधून सेरोटोनिन हे रसायन सुटते आणि व्हेगस नसेवाटे मेंदूला इशारा जातो. ऑन्डान्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन हा इशारा अडवतात. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या उलटीत मात्र 'सबस्टन्स पी' या मेंदूतील रसायनाचा हात मोठा असतो. तिथे नुसते ऑन्डान्सेट्रॉन अपुरे पडते.

सिस्प्लाटिनच्या जास्त मात्रेसाठी प्रचलित योजना चार औषधांची आहे. केमोच्या तासभर आधी 'सबस्टन्स पी'ला अडवणाऱ्या ॲप्रेपिटंटची 125 मिग्रॅची कॅप्सूल, पुढील दोन सकाळी 80 मिग्रॅ. सुमारे अर्धा तास आधी पॅलोनोसेट्रॉन 0.25 मिग्रॅचे इंजेक्शन. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड पहिल्या दिवशी 12 मिग्रॅ, मग चौथ्या दिवसापर्यंत 8 मिग्रॅ. आणि चार रात्री ओलान्झापिन. ओलान्झापिनची 10 मिग्रॅ मात्रा गुंगी आणते. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 2.5 मिग्रॅ उलटी रोखण्यात कमी पडली नाही आणि दिवसाची झोपही कमी आली. मात्रा अर्थातच डॉक्टर ठरवतात.

योजना बिघडते ती बहुधा घरी. नागपूर किंवा सेवाग्रामहून सलाईन लावून रुग्ण एसटीने गावी येतो, दुसऱ्या दिवशी बरे वाटते म्हणून गोळ्या डब्यात राहतात आणि तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू होतात. 'लागली तर घ्या' ही चिठ्ठी वेगळ्या गोळीसाठी असते. रोजच्या गोळ्या मळमळ नसतानाही संपवायच्या. डेक्सामेथासोन सकाळी, काही खाऊन घ्यावे. रात्री घेतल्यास झोप उडते, मधुमेह असल्यास साखर चढते. ऑन्डान्सेट्रॉनने शौचाला कडक होते, आणि साचलेल्या पोटानेही मळमळते. अशा वेळी मेडिकलमधून आणखी तीच गोळी आणली की त्रास वाढतो. मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्या दुसऱ्या औषधाने मान वाकडी होणे किंवा जबडा आखडणे हे भानामतीचे लक्षण नव्हे. तो औषधाचा दुष्परिणाम आहे आणि इंजेक्शनने उतरतो. गोळी गिळून अर्ध्या तासात उलटी झाल्यास ती पुन्हा घ्यावी का, हे फोनवर विचारावे.

केमोच्या पहिल्या फेरीत उलट्या आटोक्यात राहिल्या नाहीत, तर पुढे दवाखान्याचे फाटक दिसताच उमासे येऊ लागतात. ही सवय जडली की औषधांना फारशी दाद देत नाही.

खाणे थंड आणि थोडे-थोडे: ताक, आंबील, पातळ पेज. फोडणीचा वास येईल तिथे रुग्णाला बसवू नये. नाकातून नळी असल्यास डोके उंच ठेवून सावकाश भरवावे. घाईने भरवल्यानेही उलटी होते.

सिस्प्लाटिन मूत्रपिंडांना इजा करते, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडणे अधिक घातक. दिवसभर पाणी टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, उलटीत रक्त असेल किंवा ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला असेल, तर जलसंजीवनीवर न थांबता जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. सोबत डिस्चार्ज कार्ड न्यावे, कारण कोणते केमो कधी दिले हे तिथल्या डॉक्टरांना त्यावरूनच कळते.