अवज्ञावाचक इंग्रजी शब्द

अवज्ञावाचक इंग्रजी शब्द : नियम, हुकूम किंवा अधिकार न मानण्याची कृती अथवा वृत्ती दर्शविणारे इंग्रजीतील शब्द. ‘डिसओबीडियन्स’, ‘डिफायन्स’, ‘इनसबॉर्डिनेशन’, ‘म्युटिनी’, ‘रिबेलियन’, ‘सिडिशन’ हे त्यांतील प्रमुख होत. मराठीत त्यांच्यासाठी अवज्ञा, आज्ञाभंग, बंड, उठाव, राजद्रोह असे प्रतिशब्द रूढ आहेत. परंतु हुकूम कोणाचा मोडला आणि मोडणारा एकटा होता की जमावासह, हे इंग्रजी शब्दात बहुधा आधीच ठरलेले असल्यामुळे एकाच्या जागी दुसरा घालता येत नाही.

‘डिसओबे’ हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘ओबोएदीरे’ या क्रियापदापर्यंत जातो. त्याची फोड सामान्यतः ‘ओब’ (-कडे) आणि ‘औदीरे’ (ऐकणे) अशी केली जाते. मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही, कारण ‘मुलगा ऐकत नाही’ असे म्हणताना त्याच्या कानांविषयी कोणाची तक्रार नसते. व्युत्पत्तीला आक्षेप मात्र ध्वनिनियमांचा आहे. लॅटिनमध्ये मूळ ‘औ’ समासात दीर्घ ‘ऊ’ होतो, जसे ‘क्लाउदेरे’पासून ‘इन्क्लूदेरे’. त्या न्यायाने येथे ‘ओबूदीरे’ असे रूप अपेक्षित होते. काही अभ्यासकांनी यावरून ‘औदीरे’शी असलेला संबंधच संशयास्पद मानला. ‘औदीरे’चे मूळचे लांब रूप आकसण्यापूर्वीच हा समास बनला असावा आणि म्हणून त्याचे स्वर निराळ्या वाटेने गेले असावेत, हे स्पष्टीकरण त्यापेक्षा अधिक ग्राह्य वाटते. न्यायालयापुढे हजर राहण्यास नकार देणे या अर्थाच्या ‘कन्ट्युमेसी’बद्दलही असेच दोन तर्क आहेत: एक ‘फुगणे’ या अर्थाच्या धातूकडे, तर दुसरा ‘तुच्छ लेखणे’ याकडे बोट दाखवतो. ‘डिफाय’च्या मुळाशी निष्ठा आहे, धन्याशी असलेले इमान जाहीरपणे तोडणे हा त्याचा जुना अर्थ. ‘रिकॅल्सिट्रंट’मध्ये (हट्टाने न जुमानणारा) टाच या अर्थाचा लॅटिन शब्द असून मागे लाथ झाडणारे जनावर त्यात दिसते. मराठीतील ‘दुगाण्या झाडणे’ हा वाक्प्रचार त्याला कोशातील कोणत्याही प्रतिशब्दापेक्षा जवळचा आहे.

‘सॅबोटाज’ हा शब्द संपकऱ्यांनी यंत्रात लाकडी जोडे फेकल्यामुळे आला, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला आधार सापडत नाही. फ्रेंचमध्ये ‘साबो’ म्हणजे लाकडी जोडा हे खरे. परंतु त्यावरून बनलेल्या क्रियापदाचा अर्थ जोडे वाजवत चालणे आणि पुढे काम ढिसाळ करणे असा होता. इंग्रजीत तो १९१०च्या सुमारास, फ्रान्समधील रेल्वे संपाच्या वेळी रुळला. मराठीतील ‘घातपात’ त्या मानाने फारच भारी पडतो.

‘इनसबॉर्डिनेशन’ हा शब्द ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत आणि ठाणे-बेलापूर या कारखान्यांच्या पट्ट्यात शब्दकोशातून नव्हे, तर व्यवस्थापनाने कामगारांना दिलेल्या चार्जशीटमधून पोहोचला. १९४६च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखालील आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या नमुना नियमांत, वरिष्ठांच्या कायदेशीर व वाजवी हुकमाची एकट्याने वा इतरांसह जाणूनबुजून केलेली अवज्ञा हे गैरवर्तन मानले होते. हे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावण्याचे बंधन होते. वादाचा भर सहसा ‘अवज्ञा’वर नसून ‘वाजवी’ या विशेषणावर असतो: आपल्या हुद्द्याबाहेरचे काम नाकारणारा ऑपरेटर हुकूम नाकारल्याचे कबूल करतो, पण तो हुकूम वाजवी होता हे मान्य करत नाही.

‘म्युटिनी’ला मात्र जोडीदार लागतो. १९५७च्या भारतीय नौदल कायद्यातील व्याख्येनुसार त्यासाठी किमान दोघांचा जमाव आवश्यक आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रावर सुरू झालेल्या आणि ठाण्याच्या ‘अकबर’ या किनारी केंद्रापर्यंत पोहोचलेल्या नाविकांच्या संघर्षाला सरकारने ‘म्युटिनी’ म्हटले. मराठीत ‘बंड’ आणि ‘उठाव’ दोन्ही लिहिले जाते. यांपैकी ‘उठाव’ अधिक नेमका म्हणावा लागेल, कारण ‘बंड’ला लागणारा ‘-खोर’ हा फारसी प्रत्यय ‘भांडखोर’, ‘चुगलीखोर’ यांच्या पंक्तीत नेऊन बसवतो. हा भेद ठाणेकरांना जून २०२२मध्ये पुन्हा ऐकू आला: एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेतून वेगळे झालेल्यांनी आपल्या कृतीला ‘उठाव’ म्हटले, विरोधकांनी ‘गद्दारी’, तर इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘रिबेल’ या एका शब्दात काम भागवले.

‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ हे नाव अमेरिकन लेखक थोरोच्या १८४९च्या निबंधाला त्याच्या मृत्यूनंतर, १८६६मध्ये मिळाले. मूळ शीर्षकात ‘रेझिस्टन्स’ म्हणजे प्रतिकार होता आणि ‘सिव्हिल’ हे सरकारचे विशेषण होते. हिंदीने ‘सविनय अवज्ञा’ असे शब्दशः भाषांतर केले, तर मराठीने ‘सविनय कायदेभंग’ स्वीकारला. त्यामुळे ‘सिव्हिल’चा नागरिकत्वाशी असलेला संबंध दोन्हीकडे मागे पडून विनय पुढे आला आणि मराठीत शिवाय आज्ञेची जागा कायद्याने घेतली. उरण तालुक्यातील चिरनेरचा २५ सप्टेंबर १९३०चा जंगल सत्याग्रह याच कायदेभंगाचा भाग होता; तेथे वनकायदा मोडणाऱ्यांवर गोळीबार झाला.

‘बॉयकॉट’ (१८८०) हा शब्द आयर्लंडमधील जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्या नावावरून आला. ‘मॅव्हरिक’ (कोणाला न जुमानता स्वतःच्या वाटेने जाणारा) हा वासरांना मालकीचा डाग न देणाऱ्या टेक्सासच्या जमीनमालकाच्या आडनावावरून, तर बोलीतील ‘बोल्शी’ हा ‘बोल्शेव्हिक’वरून आलेला आहे. शेवटच्या शब्दाला मराठीत ‘आडमुठा’ चालतो.