पीडीएफमध्ये मॅट्रिक्स 'सेट' का करता येत नाही, त्याची पार्श्वभूमी

पीडीएफ बनवणारी कुठलीही लायब्ररी (तयार कोड) घ्या, मॅट्रिक्स, म्हणजे चित्र पानावर कुठे, किती मोठं आणि कोणत्या दिशेने येईल ते ठरवणारे सहा आकडे, सेट करायची की अप्लाय हा घोळ कधी ना कधी होतोच. सेट म्हणजे आधीची पुसून नवी ठेवायची, अप्लाय म्हणजे जी चालू आहे तिच्याशी नवी गुणायची. पहिल्या कॉलला दोन्हीचं चित्र बहुतेक वेळा सारखंच दिसतं म्हणून लक्षात येत नाही, पण 2 0 0 2 0 0, म्हणजे दोन्ही दिशांनी दुप्पट करा, हे दुसऱ्यांदा दिलं की सेटमध्ये चित्र दुप्पटच राहतं आणि अप्लायमध्ये चौपट होतं.

याचं मूळ पोस्टस्क्रिप्टमध्ये, म्हणजे पान कसं काढायचं ते प्रिंटरला सांगणाऱ्या भाषेत आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी 1982 मध्ये अडोबी काढली आणि 1984 मध्ये पोस्टस्क्रिप्ट आली. तिच्यात दोन्ही सोयी होत्या, कॉनकॅट गुणायचं आणि सेटमॅट्रिक्स थेट बदलायचं. अडचण अशी की चालू मॅट्रिक्समध्ये त्या मशीनचा हिशोबही असतो, म्हणजे इंचाला 72 युनिट हे 300 डीपीआयच्या (इंचाला 300 ठिपके) प्रिंटरवर किती ठिपके होतात ते, आणि तुम्ही स्वतःचे आकडे सेट केले की तो हिशोबच उडतो आणि पान दुसऱ्या मशीनवर भलत्याच आकारात येतं. म्हणूनच दुसऱ्या पानात बसवायच्या ईपीएस फाइलींसाठी (पोस्टस्क्रिप्टमधली चित्रं) इनिटमॅट्रिक्स, म्हणजे मॅट्रिक्स मशीनच्या मूळ आकड्यांवर नेणारी आज्ञा, वापरू नका आणि सेटमॅट्रिक्स जपून वापरा असा नियम झाला.

तरी सेटमॅट्रिक्सचा एक उपयोग खरंच सुंदर होता. लंबगोल काढायचा तर चालू मॅट्रिक्स बाजूला ठेवायची, एका दिशेने स्केल करून वर्तुळाचा पाथ (बाह्यरेषेचा मार्ग) काढायचा, मग जुनी मॅट्रिक्स परत सेट करून स्ट्रोक मारायचा, म्हणजे त्या पाथवर रेघ ओढायची, रेघ सगळीकडे एकसारख्या जाडीची येते.

1993 मध्ये पीडीएफ आलं आणि सेट करणारा ऑपरेटर (आज्ञा) गेलाच. राहिला फक्त सीएम, आणि तो नेहमी गुणतोच. मला हा निर्णय अगदी बरोबर वाटतो, कारण एक पान दुसऱ्या पानात फॉर्म (आत बसवायचा तयार तुकडा) म्हणून लहान करून बसवलं तरी आतला कंटेंट बाहेरची मॅट्रिक्स मोडू शकत नाही. मागे जायचं तर छोट्या क्यूने (q ही आज्ञा) स्थिती जपायची आणि मोठ्या क्यूने (Q) परत आणायची, एवढंच. पाथ चालू असताना सीएम चालत नाही, त्यामुळे लंबगोलाची ती युक्तीही गेली, आता बेझिए वक्र (काही बिंदूंनी ठरणारे वळणदार तुकडे) जोडून काढतात. एक अपवाद मात्र राहिला, टेक्स्टचा टीएम, तो गुणत नाही, टेक्स्टची मॅट्रिक्स बदलूनच टाकतो, आणि एकाच फाइलमध्ये दोन नियम असल्यामुळे गोंधळ वाढतो.

त्यात लोक जावाच्या ग्राफिक्स-टूडी किंवा ब्राउझरच्या कॅनव्हासवरून (दोन्ही कोडने चित्र काढायच्या सोयी) येतात, तिथे सेटट्रान्सफॉर्म आणि ट्रान्सफॉर्म दोन्ही आहेत, त्यामुळे इथेही तेच मिळेल असं वाटतं. पीडीएफ पान खालून वर मोजतं, ते वरून खाली मोजायचं म्हणून ए-4 पानावर (उंची 842 युनिट) 1 0 0 -1 0 842 देतात, कोडमध्ये तीच ओळ चुकून दोनदा गेली की पान परत मूळ दिशेला येतं आणि चूक शोधायला तासन्‌तास जातात.

लायब्ररीला सेट द्यायचंच असेल तर तिला चालू मॅट्रिक्सची नोंद स्वतः ठेवावी लागते, मग हव्या त्या मॅट्रिक्सला चालू मॅट्रिक्सच्या इन्व्हर्सने (तिचा परिणाम उलटवणारी मॅट्रिक्स) गुणून तो गुणाकार सीएमने लिहायचा. मध्येच कुणी स्केल शून्य केलं असेल तर इन्व्हर्सच नसतो, मग मोठा क्यू लिहून मागे जायचं, आणि रंग, रेघेची जाडी, क्लिप (चित्र दिसण्याची मर्यादा) सगळं त्याच्याबरोबर मागे जातं, म्हणून ते पुन्हा लिहावं लागतं.