आधी खांदा वळतो

परवा भाच्याने पडवीत बसून मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. सहा चाकांची पांढरी पेटी किराणा घेऊन फुटपाथवरून चाललीय, काठीला झेंडा. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये 2018 पासून असे रोबो घरपोच सामान देतात. "मामा, बघ कसो गोड दिसता! म्हणानच लोकांका आवाडता."

गोड दिसून भागत नाही. लिफ्ट मागत कॅनडा पार केलेला हिचबॉट नावाचा रोबोही गोडच होता. 2015 मध्ये फिलाडेल्फियात कुणीतरी त्याची मोडतोड केली. खरी गोम चालण्यात आहे.

आमची पाखाडी घ्या. पायाखाली जांभा, दोन्ही बाजूंना गडगे. समोरून काकी डोक्यावर गवताचा भारा घेऊन येते. मान वळवणं शक्य नाही. तरी चार पावलं आधीच तिचा डावा खांदा गडग्याकडे झुकतो आणि मी माझ्या डावीकडे सरकतो.

रोबो काय करतो? समोरचा माणूस पुढच्या क्षणी कुठे असेल याचा तो अंदाज बांधतो. नक्की जागा कळत नाही, म्हणून नकाशावर एक डाग धरतो. जितकं पुढचं बघावं तितका डाग पसरतो. गर्दीत हे डाग एकमेकांत मिसळतात, वाटच उरत नाही आणि रोबो थिजतो. 2010 मध्ये ट्राउटमन आणि क्राउझ या संशोधकांनी दाखवलं, की एकेका माणसाचा अंदाज कितीही नेमका केला तरी दाट गर्दीत हे टळत नाही. कारण गणितात समोरचा माणूस बाजूला सरकतच नाही! उपाय म्हणजे त्याची वाट आणि आपली वाट वेगवेगळी न मोजता दोन्हींची संयुक्त संभाव्यता, म्हणजे दोन्ही वाटा एकत्र जुळून येण्याची शक्यता, मोजायची.

पण काकी सरकेल कधी? रोबोचा बेत तिला कळला तर. सर्वांत जवळची वाट धरून शेवटच्या क्षणी वळणारा रोबो फसवा वाटतो. थोडं लांब पडलं तरी आधीच ठळक वळण घेणारा लगेच वाचता येतो. स्कूटरला लिंबू-मिरची टांगा नाहीतर पेटीवर 'एआय' लिहा, गाडी कुठे वळणार ते इंडिकेटरच सांगतो.

थिजणंही निरुपद्रवी नाही. 2019 मध्ये पिट्सबर्गला एक रोबो रस्त्यावरून फुटपाथवर चढायच्या उतारावरच थांबला आणि व्हीलचेअरवरची विद्यार्थिनी रस्त्यात अडकली.

आमच्याकडे पाखाडी फारच अरुंद झाली, की रिकाम्या हाताचा माणूस मागे फिरतो. पेटी भरलेली की रिकामी, हे झाकण बंद असताना काकीला कसं कळणार, असं भाच्याला विचारलं. तो व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघत बसला.