नॉचने मोजांग का विकली, त्याच्या मागचं सगळं

15 सप्टेंबर 2014 ला मायक्रोसॉफ्टने मोजांग ही स्वीडनमधली गेम कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतल्याचं जाहीर केलं आणि तिचा माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम खेळणारी पब्लिक जाम खवळली. कारण विकणारा कोण, तर माइनक्राफ्ट बनवणारा मार्कस पर्सन उर्फ नॉच. दोनच वर्षांपूर्वी, 2012 ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज 8 साठी गेम सर्टिफाय करून घ्या म्हणून मेल पाठवली तेव्हा याने चारचौघात ट्विटरवर सुनावलं होतं की पीसी हा खुला प्लॅटफॉर्म आहे, त्याची वाट लावू नका. आणि आता त्यांनाच अख्खी कंपनी? सरळ ढोंगी म्हणून मोकळे झाले लोक. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

2009 च्या मे महिन्यात स्टॉकहोममध्ये या माणसाने एकट्याने माइनक्राफ्ट लिहायला घेतलं, नोकरी सांभाळून. अर्धवट गेमच स्वतःच्या साइटवर विकायला काढला. ना पब्लिशर, ना जाहिरात, ना कुणा इन्व्हेस्टरचा पैसा. 2010 च्या सप्टेंबरमध्ये पेपॅलने त्याचं अकाउंट गोठवलं तेव्हा त्यात सहा लाख युरो अडकले होते, म्हणजे विक्री कुठल्या लेव्हलला गेली होती बघा, आणि हे सगळं एका माणसाच्या नावावरच्या खात्यात! त्याच सुमारास व्हॉल्व्ह या मोठ्या अमेरिकन गेम कंपनीने नोकरी देऊ केली होती, तीही घेतली नाही. याकोब पोर्सेर आणि कार्ल मान्ने यांना घेऊन मोजांग कंपनी उभी केली, मान्ने सीईओ झाला कारण नॉचला मीटिंगा, हिशेब यातलं काहीच करायचं नव्हतं. जानेवारी 2011 मध्ये दहा लाख कॉपी गेल्या तेव्हा गेम अजून बीटातच, म्हणजे चाचणीच्या अर्धवट व्हर्जनमध्येच होता.

आता इथे मुद्दा असा की नोव्हेंबर 2011 ला पूर्ण व्हर्जन आलं आणि लगेच डिसेंबरमध्ये नॉचने माइनक्राफ्टचं काम मोजांगमधल्याच येन्स बर्गेनस्टेनकडे सोपवून टाकलं. म्हणजे विक्रीच्या जवळपास तीन वर्षं आधीच तो गेममधून बाहेर पडलेला. पण कंपनीतला सगळ्यात मोठा वाटा त्याचा, चेहरा त्याचा, ट्विटरवर लाखो फॉलोअर त्याचे. काही बिघडलं की शिव्या यालाच. पैसा डोक्यात गेलेला माणूस असता तर वेगळं, पण 2012 ला स्वतःच्या डिव्हिडंडचे सुमारे 30 लाख डॉलर त्याने कंपनीतल्या लोकांना वाटून टाकले होते. मोठ्या कंपन्यांबद्दलची चीड पण खरीच होती. व्हर्च्युअल रिअॅलिटीचे हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसला त्याने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर स्वतः पैसे दिलेले, तरी मार्च 2014 ला फेसबुकने ऑक्युलस घेतल्याबरोबर त्याने माइनक्राफ्टची त्यांच्यासोबतची बोलणी तोडून टाकली.

आणि मग जून 2014. माइनक्राफ्ट एकत्र खेळायला स्वतःचे सर्व्हर चालवणारे काही जण पोरांकडून गेममधल्या तलवारी-चिलखतांचे पैसे उकळत होते, आणि चिडलेले आईबाप तक्रार करायचे मोजांगकडे. नियम आधीपासून होता की असं करायचं नाही, मोजांगने उलट थोडी सूट देऊन तो स्पष्ट केला, दिसण्याच्या गोष्टी विका पण खेळात फायदा मिळेल असं काही विकू नका. साधी गोष्ट. पण ज्यांचा धंदा बसणार होता ते तुटून पडले, कुणावर? नॉचवर. तो त्यावेळी सर्दीने बेजार होऊन घरी पडलेला, त्या नियमात त्याचा हातही नव्हता. वैतागून त्याने ट्विट टाकलं की माझा मोजांगमधला वाटा कुणी विकत घेतं का, मला माझं आयुष्य जगू द्या. मान्नेला काय चाललंय ते कळायच्या आत मायक्रोसॉफ्टच्या माणसाचा फोन, की हा सिरीयसली बोलतोय का.

मायक्रोसॉफ्टचं गणित सोपं होतं. 2012 पासून त्यांच्याच एक्सबॉक्स 360 या गेम कन्सोलवर माइनक्राफ्ट तुफान चालत होतं, आणि फायनान्स हेड एमी हूडच्या हिशेबाने हे डील पहिल्याच आर्थिक वर्षात ना नफा ना तोटा सुटणार होतं.

विक्रीच्या वेळी नॉचने लिहिलेलं निरोपाचं पत्र वाचलं की बाकीचं कळतं. फिल फिश या गेम डेव्हलपरवरचा एक व्हिडिओ बघून त्याला जाणवलं की फॅन्सशी आपलं जे नातं आहे असं वाटत होतं ते नाहीच आहे, आपण नुसतं एक प्रतीक झालोय. मी उद्योजक नाही, सीईओ नाही, ट्विटरवर मतं मांडायला आवडणारा प्रोग्रामर आहे, असं लिहिलंय. पैशासाठी नाही, डोकं ठिकाणावर राहावं म्हणून विकतोय, हेही. (एवढा पैसा हातात येणार असताना हे म्हणणं सोपं, मान्य. पण आधीची पाच वर्षं बघता मला ते खरं वाटतं.)

माझी तक्रार वेगळी आहे. बाहेरचा पैसा घेतला नाही म्हणून मोजांग स्वतंत्र, असं आपण सगळे कौतुकाने म्हणायचो, पण ते स्वातंत्र्य एकट्या नॉचच्या मूडवर टांगलेलं होतं. तो थकला की संपलं. एखादा ट्रस्ट, कामगारांना शेअर, काहीतरी आधी बांधून ठेवता आलं असतं, ते कुणी केलं नाही. 6 नोव्हेंबर 2014 ला डील पूर्ण झालं, तिघेही संस्थापक बाहेर पडले, बर्गेनस्टेन आणि बाकीची टीम मायक्रोसॉफ्टच्या पगारावर गेम बनवत राहिली, आणि प्लेस्टेशनवर, म्हणजे एक्सबॉक्सच्या स्पर्धक सोनीच्या कन्सोलवर, माइनक्राफ्ट बंद होणार म्हणून जी बोंबाबोंब चालली होती तसं काही झालं नाही.