सेवेआधी परीक्षा आली म्हणजे देवाचं पाचारण (सेवेसाठीचं बोलावणं) खोटं?

"सेवा सुरू करणार तोच मोह आणि अडचणी आल्या, म्हणजे ही देवाची इच्छाच नव्हे," असं ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वर्षानुवर्षं सांगितलं जातं. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूचं चरित्र, याला दुजोरा देत नाही. मत्तय 4:1 सरळ सांगतं की येशूला परीक्षेसाठी अरण्यात पवित्र आत्म्यानेच नेलं. तेही कधी? यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला, "हा माझा पुत्र" अशी आकाशातून वाणी झाली, त्यानंतर लगेच. मग 40 दिवसांचा उपास, आणि सैतानाचे पहिलेच शब्द: "तू देवाचा पुत्र असशील तर..." या धोंड्यांच्या भाकरी कर. घाव नुकत्याच जाहीर झालेल्या ओळखीवर होता, भाकरी हे निमित्त. येशूने सैतानाच्या तिन्ही परीक्षांना उत्तरं जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून दिली, चमत्कार करून नव्हे. मला तरी हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

पण दुसरं टोकही नको. प्रत्येक अडथळा सैतानाचाच असतो असं नाही. प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये प्रेषित पौलाला आसिया या रोमी प्रांतात देवाचं वचन सांगण्यापासून पवित्र आत्म्यानेच अडवलं. (आजारपण, पैशांची चणचण यांना तर अगदी साधी कारणंही असतात.) आणि एकदा परीक्षा पार पडली की सुटलो, हेही खरं नाही. लूक 4:13 नुसार सैतान येशूला सोडून गेला, तो संधी मिळेपर्यंतच.